जन्ममृत्यूची नोंद : राज्याची गरज आणि नागरिकाचा हक्क



शाळेच्या व्यासपीठावरून जन्ममृत्यूच्या नोंदीचा इतिहास सांगणे काहींना रुक्ष वाटेल. परंतु येथे उपस्थित असलेल्या ज्येष्ठांनी आपापला शाळा सोडल्याचा दाखला आठवून पाहावा. त्यावर १ जुलै ही जन्मतारीख असलेले कितीतरी जण निघतील. आपल्याकडे शाळेचे सत्र जुलैत सुरू होई. मुलाला घेऊन आलेल्या वडिलांना नेमकी तारीख सांगता आली नाही, की गुरुजी अंदाजाने वर्ष धरून ती तारीख लिहीत. पुढे नोकरी आणि निवृत्ती त्याच तारखेवर ठरे. जन्माच्या वेळी व्हावयाचे काम पाच-सहा वर्षांनंतर शाळेच्या लेखणीने असे उरकले जाई.

आपल्या समाजाला टिपण ठेवण्याची सवय नव्हती, असे मात्र नाही. दौलतराव शिंद्यांच्या छावणीतून १८१० मध्ये लष्कर शहर उभे राहिले. जयेंद्रगंजासारख्या त्याच्या वस्त्यांतून स्थिरावलेल्या मराठी घरांत जन्मकाळ घटिका-पळांसह टिपण्याचा परिपाठ होता. त्र्यंबकेश्वर, प्रयाग, गया येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत पिढ्यान्‌पिढ्यांची नावे सापडतात. परंतु ही टिपणे कुळासाठी होती. पत्रिका ज्याला परवडे त्याचीच होई आणि वह्यांतून मुख्यतः पुरुषांची वंशावळ चाले. कन्या, मोलकरीण, वेठीचा मजूर यांचा जन्म कोणत्याच कागदावर येत नसे.

राज्याने जेव्हा नोंदीस हात घातला, तेव्हा त्याचा उद्देश वेगळा होता. इंग्लंडमध्ये १८३७ साली नागरी नोंदणी सुरू झाली आणि विल्यम फार यांनी मृत्यूच्या कारणांच्या कोष्टकांतून सार्वजनिक आरोग्याचे शास्त्र घडविले. हिंदुस्थानात आरंभ झाला तो मध्य प्रांत व वऱ्हाडात, १८६६ साली, आणि तोही केवळ मृत्यूंच्या नोंदीने. कारण सरकारला साथींची चिंता होती. गावचा कोतवाल पोलीस ठाण्यावर खबर नेई. १८७३ मध्ये बंगालचा कायदा झाला. १८८६ मध्ये सर्व ब्रिटिश हिंदुस्थानासाठी कायदा आला, परंतु त्यानुसार नोंदणी ऐच्छिक होती. ग्वाल्हेर संस्थान तर त्या कायद्याच्या कक्षेबाहेरच राहिले.

केवळ राज्याच्या गरजेसाठी ठेवलेल्या नोंदवहीचे काय होते, याचा धडा १८९६-९७ च्या प्लेगने मुंबई-पुण्यात दिला. घरझडती, विलगीकरण आणि सामानाची जाळपोळ यांच्या धास्तीने लोक आजारी माणसे लपवू लागले आणि मृत्यूही दडवू लागले. ज्या क्षणी खऱ्या आकड्याची सर्वाधिक आवश्यकता होती, त्याच क्षणी तो दुर्मिळ झाला. नोंद ही अखेर विश्वासावर उभी असते, हे त्या काळाने शिकविले.

नोंद नसली म्हणजे न्यायही लंगडा पडतो. १९२९ च्या शारदा कायद्याने मुलीच्या विवाहाचे किमान वय १४ ठरविले. पण जिचा जन्मच लिहिलेला नाही, तिचे वय न्यायालयात सिद्ध कशाने करावयाचे? कायदा कितीही उदात्त असला, तरी त्याचा पाया त्या एका ओळीवर असतो.

स्वातंत्र्यानंतर १९६९ मध्ये संसदेने नवा कायदा केला आणि १ एप्रिल १९७० पासून बहुतेक राज्यांत तो लागू झाला. नोंदणी आता सक्तीची झाली. घरी घडलेल्या घटनेची खबर देणे कुटुंबप्रमुखाचे कर्तव्य ठरले, रुग्णालयातील घटनेची जबाबदारी तेथील वैद्यकीय अधिकाऱ्याकडे आली आणि खबर देणाऱ्यास नोंदीचा उतारा विनामूल्य मिळण्याचा अधिकार लाभला. मुदत २१ दिवसांची. आपल्याकडे बारसे बाराव्या दिवशी. म्हणून मुदतीत नावासह नोंद सहज होऊ शकते. बारसे लांबले तरी हरकत नाही. नावाविना जन्म नोंदवून नाव मागाहून घालण्याची सोय कायद्यात आहे. नावाची वाट पाहत मुदत दवडणे मात्र महाग पडते. वर्ष उलटले, की दंडाधिकाऱ्याच्या आदेशावाचून नोंद होत नाही.

तरीही गळती राहतेच. मृतदेह स्मशानात नेला, की त्याची लेखी खूण उरते. परंतु तान्ह्या बाळास दहन न देता मूठमाती देण्याची आपली रीत आहे. घरीच जन्मून चार दिवसांत गेलेल्या बाळाचा ना जन्म लिहिला जातो, ना मृत्यू. ज्या आकड्यावरून प्रसूतिगृहे आणि दाया कोठे हव्यात हे ठरावयाचे, तोच आकडा असा पुसला जातो. ही गळती मोजण्यासाठी चंद्रशेखरन व डेमिंग यांनी १९४९ साली एक पद्धत मांडली. त्यात दोन स्वतंत्र याद्या ताडून पाहिल्या जातात आणि एकीत आहे व दुसरीत नाही अशा घटनांवरून दोहोंतून निसटलेल्यांचा अंदाज येतो. आपल्या देशाच्या नमुना नोंदणीतही दुहेरी पडताळ्याचेच तत्त्व आहे. विकसनशील देशांपुढील हा प्रश्न अद्याप मोठा आहे. युनिसेफच्या २०२४ च्या अंदाजानुसार जगातील पाच वर्षांखालील सुमारे १५ कोटी मुलांचा जन्म नोंदलेला नाही.

१ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मणाऱ्या मुलांसाठी शाळाप्रवेश, मतदारयादी, वाहनपरवाना अशा कामी जन्माचा दाखला हाच तारखेचा पुरावा ठरला आहे. यामुळे अंदाजाच्या १ जुलैचा काळ संपेल, हे स्वागतार्ह होय. पण दाखला नसलेले मूल, आणि ते बहुधा गरिबाचेच असणार, उद्या शाळेच्या दारात उभे राहील. वयाच्या पुराव्याअभावी प्रवेश नाकारू नये, असे २००९ चा शिक्षणहक्क कायदा सांगतो. पूर्वीच्या गुरुजींनी चुकीची का होईना, तारीख लिहून मुलाला वर्गात घेतले. आजच्या शाळेने त्याला वर्गात बसवावे आणि त्याच्या पालकांना हात धरून निबंधकाच्या कार्यालयापर्यंत न्यावे. ज्या नोंदवहीचा आरंभ मृत्यूच्या भयातून झाला, ती जन्मलेल्या प्रत्येकाची आपली व्हावी, एवढेच या विवेचनाचे मागणे आहे.