इमॅक्युलेट हार्ट कॉलेज: एका लहान कॅथलिक महाविद्यालयाचा उत्कर्ष आणि अस्त

शिक्षणसंस्थांचे इतिहास बहुधा इमारतींच्या पायाभरणीपासून सुरू होतात आणि विद्यार्थिसंख्येच्या कोष्टकाशी संपतात. लहान संस्थेच्या बाबतीत ही पद्धत विशेष अपुरी पडते. कारण तिचे खरे भांडवल इमारतींत नसून ती चालविणाऱ्या माणसांच्या जीवितक्रमात साठविलेले असते. अमेरिकेतील लॉस एंजेलिस नगरीच्या हॉलिवूड भागात १९१६ मध्ये स्थापन झालेले आणि १९८० च्या सुमारास बंद पडलेले इमॅक्युलेट हार्ट कॉलेज हे याचे बोलके उदाहरण होय. या महाविद्यालयाचा उत्कर्ष ज्या कारणांनी झाला, त्याच कारणांत त्याच्या अस्ताचीही बीजे होती, असे त्याच्या इतिहासावरून दिसून येते.

हे महाविद्यालय चालविणारा धर्मभगिनींचा संघ मूळचा स्पेनमधील. कॅटलोनियातील ओलोत या गावी १८४८ मध्ये होआकिम मास्मित्या या धर्मगुरूंनी तो स्थापन केला. कॅलिफोर्नियातील बिशप थॅडियस अमात यांच्या बोलावण्यावरून १८७१ मध्ये या संघाच्या दहा भगिनी अमेरिकेत आल्या. अध्यापन हेच त्यांचे प्रमुख कार्य ठरले. पुढे १९२४ मध्ये कॅलिफोर्नियातील शाखा स्पेनमधील मूळ संघापासून विभक्त होऊन स्वतंत्र झाली. हॉलिवूडच्या टेकडीवरील मठ, त्याला लागून कन्याशाळा आणि त्यातूनच स्त्रियांसाठी महाविद्यालय, अशा क्रमाने या संस्थेची वाढ झाली.

दुसऱ्या महायुद्धानंतर परिस्थिती झपाट्याने पालटली. दक्षिण कॅलिफोर्नियाची लोकसंख्या वाढत होती आणि युद्धोत्तर काळातील बालकांची मोठी पिढी शाळेच्या दारात उभी होती. १९४८ मध्ये लॉस एंजेलिसच्या आर्चबिशपपदी जेम्स फ्रान्सिस मॅकिंटायर आले. १९५३ मध्ये ते कार्डिनल झाले. त्यांनी शाळा उभारण्याचा फार मोठा कार्यक्रम हाती घेतला. इमारती बांधता येत होत्या. शिक्षक कोठून आणावयाचे हा प्रश्न होता. तो प्रश्न धर्मभगिनींनी सोडवावा, असे सर्वांनी गृहीत धरले. परिणामी नवशिक्या भगिनींना पदवी पुरी होण्यापूर्वीच वर्गावर पाठविले जाई. एकेका वर्गात साठ-सत्तर मुले असत. अशा भगिनी शनिवारी आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत महाविद्यालयात येऊन एकेक विषय पुरा करीत; पदवी हाती पडेपर्यंत दहा-पंधरा, क्वचित वीस वर्षेही लोटत. महाविद्यालयाच्या वाढीचा एक मोठा भाग या प्रौढ, थकलेल्या, तरीही अभ्यासाला चिकटून राहिलेल्या विद्यार्थिनींमुळे झाला.

या वाढीचे अर्थशास्त्रही ध्यानात घेण्याजोगे आहे. अमेरिकेतील मोठ्या खाजगी विद्यापीठांपाशी देणग्यांतून जमलेला कायम निधी असतो. लहान कॅथलिक महाविद्यालयांपाशी तो नसे. तथापि त्यांच्या अध्यापकवर्गात बहुसंख्य भगिनी असत आणि त्यांचे श्रम जवळजवळ विनावेतन मिळत. या श्रमांना त्या काळी ‘जिवंत निधी’ म्हणण्याची प्रथा होती. हे नाव गौरवाचे असले तरी त्यात एक धोका दडलेला होता. पैशाचा निधी मालकाचे मत विचारीत नाही. जिवंत निधीला मात्र स्वतःचे मत असते, आणि शिक्षणाने ते अधिक स्पष्ट होत जाते.

ते तसे झालेही. १९४९ मध्ये सिस्टर मॅडेलेवा वोल्फ यांनी कॅथलिक शिक्षकांच्या राष्ट्रीय अधिवेशनात, भगिनींना वर्गावर पाठविण्यापूर्वी त्यांचे पदवीशिक्षण पुरे झाले पाहिजे, असे आग्रहाने प्रतिपादन केले. १९५१ मध्ये पोप बाराव्या पायस यांनीही अध्यापक भगिनींची तयारी इतर शिक्षकांच्या तोडीची असावी, असा अभिप्राय व्यक्त केला. १९५४ मध्ये या कार्यासाठी राष्ट्रीय पातळीवर एक परिषद स्थापन झाली. इमॅक्युलेट हार्ट संघात या विचाराला अनुकूल भूमी आधीपासूनच होती. मदर हुमिलिआटा, म्हणजेच अॅनिटा कॅस्परी, यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठातून १९४८ मध्ये इंग्रजी साहित्याची डॉक्टरेट मिळविली होती. १९५७ मध्ये त्या महाविद्यालयाच्या अध्यक्ष झाल्या आणि १९६३ मध्ये संपूर्ण संघाच्या प्रमुख म्हणून निवडून आल्या.

महाविद्यालयाची ख्याती मात्र प्रामुख्याने त्याच्या कलाविभागामुळे पसरली. सिस्टर मॅग्डालेन मेरी यांनी या विभागाची घडी बसविली आणि देशोदेशीच्या लोककलेच्या वस्तूंचा संग्रह केला. त्यांच्या सहकारी सिस्टर मेरी कोरिटा १९३६ मध्ये संघात आल्या होत्या. १९४१ मध्ये याच महाविद्यालयाच्या पदवीधर झाल्या आणि १९५१ मध्ये त्यांनी कलेतिहासात एम. ए. केले. रेशमी जाळीतून रंग उमटविण्याचे मुद्रणतंत्र त्यांनी आत्मसात केले. १९५२ मध्ये त्यांच्या एका धार्मिक चित्राला लॉस एंजेलिस काउंटी संग्रहालयाच्या प्रदर्शनात प्रथम पारितोषिक मिळाले. त्यांची अध्यापनपद्धती साधी होती. पुठ्ठ्याला चौकोनी छिद्र पाडून त्यातून विद्यार्थिनींनी रस्ता, दुकान, जाहिरातीचा फलक निरखावा. सभोवतालापासून तुटलेला तो तुकडा नव्याने दिसू लागतो, हा त्यामागील विचार. चार्ल्स ईम्स, बकमिन्स्टर फुलर, जॉन केज यांच्यासारखे नामवंत या लहान महाविद्यालयाशी परिचित झाले. १९६४ च्या न्यूयॉर्क जागतिक प्रदर्शनातील व्हॅटिकनच्या दालनासाठी कोरिटा यांनी मोठा चित्रपट्ट तयार केला.

महाविद्यालयाच्या परंपरांपैकी ‘मेरीज डे’ हा वार्षिक उत्सव विशेष उल्लेखनीय होय. पवित्र मरियेच्या सन्मानार्थ विद्यार्थिनी काळ्या पदवीवेषात गंभीरपणे मिरवणूक काढीत. १९६४ मध्ये याच उत्सवाला निराळे रूप आले. फुलांच्या माळा, रंगीत फलक, किराणा दुकानांच्या जाहिरातींतील अक्षरे यांनी आवार भरून गेले. जगातील भूक आणि रोजचे अन्न यांचा मरियेच्या मातृत्वाशी संबंध जोडण्याचा तो प्रयत्न होता. कार्डिनल मॅकिंटायर यांना तो रुचला नाही. वस्तुतः परंपरा मोडली नव्हती. तिचा दिवस, तिचे दैवत आणि तिची मिरवणूक कायम होती. पालटला होता तो परंपरेचा अर्थ सांगण्याचा अधिकार: तो आता विद्यार्थिनींनी आणि भगिनींनी आपल्याकडे घेतला होता.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (१९६२–१९६५) धर्मसंघांना आपल्या नियमांचे पुनर्परीक्षण करण्यास सांगितले. त्यानुसार संघाच्या १९६७ च्या सर्वसाधारण सभेने वेष, प्रार्थनेची वेळ आणि कार्यक्षेत्र यांबाबत भगिनींना निवडीचे स्वातंत्र्य दिले. या वादाचे वर्णन पुष्कळदा केवळ वेषाचा वाद असे केले जाते. ते अपुरे आहे. शिक्षणाची तयारी पुरी झाल्याखेरीज भगिनींना वर्गावर पाठवू नये, ही मागणीही त्या निर्णयांत अंतर्भूत होती, आणि शाळांच्या व्यवस्थेला खरा धक्का तिचाच होता. १९६८ मध्ये रोमहून आलेल्या आदेशात समान वेष, नित्याची सामुदायिक प्रार्थना, शिक्षणकार्य आणि स्थानिक बिशपांशी सहकार्य या चार गोष्टींचा आग्रह धरण्यात आला. त्याच वर्षी कोरिटा यांनी संघ सोडला. १९७० मध्ये जवळजवळ चारशे भगिनींपैकी तीनशेहून अधिक जणींनी व्रतमुक्ती स्वीकारून ‘इमॅक्युलेट हार्ट कम्युनिटी’ ही स्वतंत्र संस्था स्थापन केली.

महाविद्यालय त्यानंतर सुमारे दहा वर्षे चालले. ते बंद का पडले, याचे एकच कारण देणे युक्त होणार नाही. त्या काळात अमेरिकेतील स्त्रियांची अनेक लहान कॅथलिक महाविद्यालये विद्यार्थिसंख्या आणि खर्च यांच्या कात्रीत सापडली होती. तथापि विनावेतन श्रमांवर उभी राहिलेली संस्था त्या श्रमांचा ओघ आटल्यावर फार काळ टिकणे कठीण असते, हे उघड आहे. त्याच आवारात पुढे अमेरिकन फिल्म इन्स्टिट्यूटचे विद्यालय आले. शेजारची कन्याशाळा मात्र चालू राहिली.

या इतिहासाचा निष्कर्ष काढताना यशापयशाची नेहमीची मापे बाजूस ठेवावी लागतात. अध्यापकांना अध्यापनाआधी शिकण्याची संधी मिळावी, या तत्त्वावर हे महाविद्यालय वाढले. त्याने आपल्या विद्यार्थिनींना ते तत्त्व इतके चांगले शिकविले की त्यांनी ते स्वतःच्या संघालाही लावले. त्याची किंमत अखेर संस्थेने मोजली. ज्या शिक्षणामुळे शिक्षणसंस्थेची सोय सांभाळली जाते आणि ज्या शिक्षणामुळे माणूस सोयीपलीकडचे प्रश्न विचारू लागतो, ती दोन्ही एकाच छपराखाली फार काळ नांदू शकतात काय, हा या महाविद्यालयाने मागे ठेवलेला प्रश्न आहे. तो केवळ हॉलिवूडच्या त्या टेकडीपुरता मर्यादित नाही.