युद्धविरामानंतरचे नागरिक जीवन : परभणी जिल्हा, १९४८–१९५०

युद्ध संपले की शांतता सुरू होते, असा सामान्य समज आहे. राजकीय इतिहासाच्या दृष्टीने तो सोयीचाही आहे. कारण शरणागतीला तारीख असते, करारावर सही असते आणि सत्तांतराचा हुकूम दप्तरात सापडतो. परंतु नागरिकाच्या जीवनात युद्धाचा शेवट असा एका दिवसात होत नाही. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या हाम्बुर्ग, ड्रेस्डेन किंवा बर्लिन या शहरांत हे डोळ्यांना दिसत होते. तेथे लढाई थांबली, तरी विटांचे ढिगारे उपसणे, पाणी आणि भाकरी मिळविणे व हरवलेल्या माणसांचा शोध घेणे हे काम पुढे वर्षानुवर्षे चालले. हैदराबाद संस्थानात १९४८ साली झालेल्या लष्करी कारवाईचे स्वरूप निराळे होते. विमानांचा रोख मुख्यतः विमानतळ व लष्करी ठाणी यांवर होता. परभणीसारख्या जिल्ह्यात जे मोडले ते घरांपेक्षा घरांमधील संबंधांच्या रूपाने मोडले. म्हणून या जिल्ह्यातील युद्धोत्तर काळाचा अभ्यास अधिक अवघड, आणि तितकाच अगत्याचा आहे.

प्रथम भूगोल ध्यानात घेतला पाहिजे. त्या वेळच्या परभणी जिल्ह्यात आज वेगळा जिल्हा असलेला हिंगोलीचा भाग आणि आज जालना जिल्ह्यात असलेला परतूर तालुका यांचा समावेश होता. उत्तरेस पैनगंगेपलीकडे वऱ्हाड, म्हणजे तेव्हाच्या मध्यप्रांत-वऱ्हाडचा मुलूख होता. पूर्वेस नांदेड, पश्चिमेस औरंगाबाद आणि दक्षिणेकडे गोदावरीच्या बाजूस बीड हे संस्थानातीलच जिल्हे होते. मनमाडहून हैदराबादकडे जाणारा मीटरगेज लोहमार्ग जिल्ह्यातून जात असे आणि पूर्णा जंक्शनवरून हिंगोलीकडे फाटा निघत असे. ज्वारी आणि कापूस ही येथील मुख्य पिके. सेलू, मानवत या कापसाच्या पेठा. राजकीय जागृतीच्या बाबतीतही हा भाग मागासलेला नव्हता. महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन १९३७ साली परतूर येथेच भरले होते.

२९ नोव्हेंबर १९४७ रोजी भारत सरकार व निजाम यांच्यात जैसे थे करार झाला. त्यानंतरच्या नऊ-दहा महिन्यांत जिल्ह्यातील सामान्य माणसाचे जीवन दोन्ही बाजूंनी आवळले गेले. रझाकारांच्या टोळ्यांनी खेड्यांतून लूट, जाळपोळ व खून यांचा कहर केला. सरहद्दीवरून स्वातंत्र्यसैनिकांच्या छावण्या करोडगिरीच्या नाक्यांवर हल्ले चढवीत होत्या. उमरखेड येथे अशी एक छावणी होती. सरहद्दीवरील व्यवहार रोखले गेल्यामुळे रॉकेल व औषधे यांसारख्या वस्तूंची टंचाई जाणवू लागली. महायुद्धाच्या काळापासून शेतकऱ्याच्या मानेवर बसलेली धान्याची सक्तीची लेव्ही होतीच. या स्थितीत असंख्य कुटुंबांनी गुरेढोरे व भांडीकुंडी घेऊन, अथवा तीही मागे टाकून, वऱ्हाडची वाट धरली. पैनगंगा ही त्यांच्या दृष्टीने केवळ नदी राहिली नाही. जीव वाचण्याची ती सीमा ठरली.

१३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय फौजा संस्थानात शिरल्या. १७ सप्टेंबरला निजामाने नभोवाणीवरून युद्धविराम जाहीर केला आणि १८ तारखेस सेनापती एल एद्रूस यांनी मेजर जनरल जयंतनाथ चौधरी यांच्यापुढे शरणागती पत्करली. सरकारी भाषेत या घटनेस ‘पोलीस कारवाई’ असे नाव मिळाले. रणगाडे, विमाने आणि नियमित पायदळ यांनी पार पाडलेल्या मोहिमेस हे नाव कितपत शोभते, हा प्रश्न येथे बाजूस ठेवला, तरी त्या नावाचा एक परिणाम नोंदविला पाहिजे. जेथे युद्ध झालेच नाही असे मानले गेले, तेथे युद्धोत्तर नागरिक जीवन हा विषयही इतिहासकारास फारसा सुचला नाही.

शरणागतीचा दिवस भाद्रपदी पौर्णिमेचा होता. खरिपाची ज्वारी व कापूस शेतात उभा होता आणि रब्बीच्या पेरणीचे दिवस तोंडावर आले होते. परतणाऱ्या कुटुंबांना घाई होती ती यामुळे. पेरणी हुकली तर पुढच्या वर्षीची भाकरी हुकणार, ही गोष्ट कोणत्याही राजकीय घोषणेपेक्षा शेतकऱ्यास अधिक जवळची होती. वऱ्हाडातून परत आलेल्याने आधी पाहिले ते आपले घर उभे आहे की नाही, बैल आहेत की नाहीत, बियाणे कोठून आणावयाचे आणि शेतातील उभे पीक कोणी कापून नेले. विजयाचा आनंद खरा होता. वर्षभर भीतीने दडपलेल्या गावांत तो उसळून आला यात नवल नाही. परंतु त्याच आनंदाच्या पोटात सूडाची भावनाही होती, आणि तिने ज्यांना गाठले त्यांत रझाकार थोडे व निरपराध पुष्कळ होते.

कारवाईनंतरच्या आठवड्यांत संस्थानाच्या अनेक भागांत मुसलमान वस्तीवर हल्ले, लूट आणि हत्या झाल्या. भारत सरकारच्या वतीने पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री यांच्या सदिच्छा मंडळाने नोव्हेंबर-डिसेंबर १९४८ मध्ये संस्थानात दौरा केला. कारवाईच्या वेळी व त्यानंतर संपूर्ण संस्थानात किमान २७,००० ते ४०,००० माणसे मृत्यू पावली असावीत, असा अंदाज मंडळाने दिला आणि तोही बेताचा असल्याचे म्हटले. काही ठिकाणी लष्करातील व पोलिसांतील माणसांचाही लुटीत हात होता, असे त्यात नमूद आहे. त्याबरोबरच हिंदू शेजाऱ्यांनी, विशेषतः हिंदू विणकरांनी आपल्या मुसलमान व्यवसायबंधूंना जिवावर उदार होऊन वाचविल्याचेही त्यात नोंदलेले आहे. हा अहवाल अनेक दशके सरकारने प्रसिद्ध केला नाही.

परभणीच्या अभ्यासकास या अहवालातील एक गोष्ट महत्त्वाची वाटावी. सर्वांत अधिक हानी झालेले चार जिल्हे म्हणून उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर व नांदेड यांचा, आणि त्यांच्या खालोखाल औरंगाबाद, बीड, नलगोंडा व मेदक यांचा नामनिर्देश त्यात आहे. या आठांत परभणी नाही. परंतु परभणीच्या तिन्ही बाजूंचे नांदेड, औरंगाबाद व बीड हे जिल्हे मात्र आहेत. यादीत नाव नसणे याचा अर्थ झळ लागली नाही असा करणे भोळेपणाचे होईल. जिल्ह्याची सीमा ही माणसाच्या भीतीची सीमा नसते. नात्यागोत्याचे, बाजाराचे आणि उरुसाचे संबंध गोदावरीच्या दोन्ही तीरांवर पसरलेले होते. शेजारच्या जिल्ह्यातील वार्ता या जिल्ह्यात पोहोचण्यास वेळ लागत नसे. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात दसरा आणि बकरी ईद हे दोन्ही सण अवघ्या दोन-तीन दिवसांच्या अंतराने आले. एका समाजाने सोने लुटले, तर दुसऱ्या समाजापुढे ईदगाहपर्यंत जावे की नाही हा प्रश्न होता.

अशा रीतीने एकाच ऋतूत दोन प्रवास घडले : काही कुटुंबे वऱ्हाडातून गावाकडे परतली, तर काही गावाकडून तालुक्याच्या ठिकाणी व पुढे हैदराबाद शहराकडे निघाली. जुन्या माणसांच्या बोलण्यात या काळाला दोन नावे आढळतात. एकाच्या आठवणीत तो ‘रझाकारीचा’ काळ असतो, दुसऱ्याच्या आठवणीत ‘पोलीस ॲक्शनचा’. पहिल्याची कथा १७ सप्टेंबरला संपते आणि दुसऱ्याची तेथूनच सुरू होते.

सत्तांतराचा तिसरा परिणाम सावकाश, पण सर्वांच्याच घरात शिरणारा होता. चौधरी यांच्या लष्करी शासनाखाली डी. एस. बखले यांनी मुख्य मुलकी प्रशासक म्हणून काम पाहिले. शेजारच्या प्रांतांतून अधिकारी आणून जिल्ह्यांची व्यवस्था लावण्यात आली. अव्वल तालुकदाराच्या जागी कलेक्टर आला. तोवर वरच्या कचेऱ्यांची भाषा उर्दू होती. नव्या अधिकाऱ्यास ती बहुधा येत नसे आणि जुने दप्तर तर तिच्यातच होते. ज्या शेतकऱ्यास आजवर मराठीत अर्ज करता येत नव्हता त्याच्या दृष्टीने हा बदल मुक्तीच होता. ज्या कारकुनाची सारी विद्या उर्दूत होती त्याच्या दृष्टीने तो पोटाचा प्रश्न होता. फेब्रुवारी १९४९ मध्ये निजामाची खाजगी सर्फेखास जमीन दिवाणी मुलखात विलीन झाली; १५ ऑगस्ट १९४९ पासून जहागिरी रद्द झाल्या; १९५० च्या कूळकायद्याने संरक्षित कुळास कायद्याचा आधार मिळाला. १ एप्रिल १९५० रोजी संस्थानची रेल्वे भारतीय रेल्वेत गेली. सुमारे सात हाली रुपयांस सहा कलदार असा हिशेब मात्र बाजारात आणखी काही काळ करावा लागत होता. या बदलांचा आरंभ १७ सप्टेंबरने झाला खरा, परंतु ते पूर्ण होण्यास वर्षे लागली. जहागिरी मोडल्या म्हणून कुळाच्या हाती जमीन आपोआप आली असे नव्हे. जो त्या धामधुमीत गाव सोडून गेला होता, त्यास आपला ताबा सिद्ध करणे अधिकच कठीण होते, मग तो कोणत्याही धर्माचा असो.

मराठवाड्याच्या मुक्तिसंग्रामाचे मोल यामुळे कमी होत नाही. सरंजामी व धर्मांध सत्तेखालून एक प्रदेश लोकशाही राज्यात आला, ही घटना मोठीच आहे, आणि १७ सप्टेंबर हा दिवस या प्रदेशाने अभिमानाने पाळावा हे योग्यच आहे. परंतु स्वातंत्र्यसैनिकांच्या त्यागाची नोंद घेणाऱ्या इतिहासाने त्याच त्यागाच्या नावाखाली इतरांवर काय गुदरले याचीही नोंद घेतली, तर त्या त्यागास उणेपणा येत नाही. उलट त्या लढ्याने ज्या न्यायाची प्रतिज्ञा केली होती, तिच्याशी इमान राखले जाते.

परभणी जिल्ह्यापुरते बोलावयाचे, तर या अभ्यासाची साधने अद्याप खेड्यापाड्यांत विखुरलेली आहेत. पाटील-पटवाऱ्यांची दप्तरे, तहशिलीतील उर्दू मिसली, पेठांतील व्यापाऱ्यांच्या चोपड्या आणि शाळांची प्रवेशपुस्तके ही ती साधने होत. १९४८ च्या जूनमध्ये पटावर असलेले मूल १९४९ च्या जूनमध्ये आहे की नाही, एवढी साधी तुलनाही कोण परतले आणि कोण गेले याची साक्ष देऊ शकेल. मात्र ही साधने वाचण्यास मराठीबरोबर मोडी व उर्दू यांचेही ज्ञान हवे. ज्यांनी तो काळ प्रौढपणी पाहिला अशी माणसे आता जवळजवळ उरलेली नाहीत, आणि बालपणी पाहिलेलीही थोडीच राहिली आहेत. ‘रझाकारी’ आणि ‘ॲक्शन’ या दोन आठवणी एकाच गावाच्या नोंदीत शेजारी शेजारी लिहिल्या जातील, तेव्हाच या जिल्ह्यातील युद्ध केव्हा संपले हे निश्चितपणे सांगता येईल.