वीस डॉलरची यादी

१८ मे १९९६. मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर विल्यम वेल्ड एका कॉलेजच्या पदवीदान समारंभात व्यासपीठावरच कोसळले. त्यांना रुग्णालयात हलवलं, बातम्या झाल्या, ते बरेही झाले. गोष्ट तिथेच संपायची.

पण राज्य कर्मचाऱ्यांचा आरोग्य विमा पाहणाऱ्या आयोगाने सुमारे १ लाख ३५ हजार कर्मचारी आणि कुटुंबीयांच्या उपचारांच्या नोंदी अभ्यासकांना दिल्या होत्या. नाव-पत्ता काढला, म्हणजे कुणाची ओळख पटणार नाही, अशी सरकारची खात्री होती. नोंदींत उरलं होतं निदान, उपचार, तारखा. शिवाय जन्मतारीख, लिंग आणि झिप कोड, म्हणजे तिकडचा पिनकोड.

एमआयटीत शिकणाऱ्या लटान्या स्वीनी यांनी वेल्ड राहत होते त्या केंब्रिज शहराची मतदारयादी २० डॉलरला विकत घेतली. वेल्ड यांच्याच जन्मतारखेचे ६ जण निघाले. त्यांत पुरुष ३. त्यांच्या झिप कोडमधला फक्त एक. हॅकिंग नाही, पासवर्ड फोडणं नाही. दोन याद्या शेजारी ठेवल्या, इतकंच.

यावर पुढे आक्षेप आला: मतदारयादीत सगळं शहर नसतं, वेल्ड प्रसिद्ध होते म्हणून सापडले. आक्षेप खरा आहे. पण त्याने मला दिलासा मिळत नाही. सलाइन लावलेल्या हाताचा फोटो आज आपण स्वतःच स्टोरीला टाकतो.

वेल्ड कोसळले त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अमेरिकेत ‘हिपा’ कायदा झाला. त्याचा मूळ हेतू वेगळाच होता: नोकरी बदलली तरी विमा टिकावा आणि विम्याचे दावे संगणकावरून एकाच साच्यात जावेत. कागद संगणकात जाणार, मग गुप्ततेचं काय? त्यासाठी काँग्रेसने स्वतःलाच ३ वर्षांची मुदत दिली आणि ती चुकवली. शेवटी आरोग्य खात्याने नियम लिहिला. तो डिसेंबर २००० मध्ये आला, बहुतेकांना बंधनकारक झाला एप्रिल २००३ पासून. नोंदी निनावी करायच्या तर १८ प्रकारची माहिती काढायची, ही त्यातली एक वाट. जन्मतारखेचं फक्त साल ठेवायचं, झिप कोडचे पहिले ३ आकडे. त्या भागात २० हजारांहून जास्त लोक नसतील, तर तेही नाहीत.

हा नियम रुग्णालयं, डॉक्टर, विमा कंपन्या आणि त्यांच्यासाठी काम करणाऱ्यांना बांधतो. पाळीची तारीख तुम्ही स्वतः एखाद्या ॲपमध्ये भरलीत, तर ते ॲप बहुधा त्याच्या कक्षेबाहेरच असतं.