आधी बूड पाहा

साल 1900 च्या आसपासचं. जर्मनीतल्या चिनीमातीच्या कारखान्यात तुम्ही उभे आहात. भट्टीची धग तोंडावर येतेय. समोरच्या फळीवर सरस्वतीचं धड पडलंय. डोकं अजून साच्यात, हात ओल्या फडक्याखाली. कारागीर एकेक तुकडा पातळ मातीनं चिकटवतो, सांध्यावरून ओला ब्रश फिरवतो. मग बुडाला छिद्र पाडतो. ते नसेल, तर आत कोंडलेली हवा आणि वाफ भट्टीत मूर्ती फोडू शकते.

भाजून निघालेली मूर्ती तुम्ही कच्च्या मूर्तीशेजारी धरता. चांगली एक षष्ठांशानं आक्रसलीय. हे डोक्यात ठेवा. उद्या कुणी हिच्यावरूनच साचा घेऊन नक्कल केली, तर ती आणखी लहान निघेल आणि नाकीडोळी बोथट.

रंगारी समोर छापील चित्र ठेवून बसलाय. राजा रविवर्मा यांनी 1894 मध्ये मुंबईत काढलेल्या छापखान्याची ही कमाल. तो छापखाना पुढे मळवलीला गेला. त्यांच्या देवदेवता घरोघरी लागल्या आणि जर्मन कारखान्यांनी त्या चिनीमातीत उतरवून इकडेच विकल्या. साडी या रंगाऱ्यानं बहुधा कधी पाहिलेली नाही. निऱ्या तो चित्रावरून ओढतो, पण गाल मात्र त्याच्या गावच्या पोरीसारखे गुलाबी करतो.

आता मुंबईची गोदी. खोकी फुटताहेत, कारकून नग उलटा करून बूड बघतोय. परक्या देशाचा माल ब्रिटिश भासत असेल, तर तो खरा कुठला हे 1889 च्या मर्चंडाइज मार्क्स कायद्यानं लिहावं लागतं. म्हणजे ‘जर्मनी’ हा शब्द कायद्याच्या धाकानं उमटलेला. त्यावरून काळाचा अंदाज येतो, कारागीर कळत नाही. आणि नाव तर कुणीही चोरतं. माइसेन या जर्मन कारखान्याचा निळ्या तलवारींचा शिक्का 1720 च्या दशकापासूनचा, त्याच्या नकलाही जुन्याच.

मूर्ती रेल्वेनं वर्ध्याला येते, तिथून कोळशासाठी घातलेल्या फाट्यानं वरोऱ्याला. पुढे चांद्याकडे, म्हणजे आजच्या चंद्रपूरकडे, बैलगाडी. भुशात ती हलते तेव्हा तुमचाच जीव वरखाली होतो.

आणि आज, चंद्रपूरजवळचं घुग्घुस. भंगारवाला तशीच सरस्वती पुढे करतो, ‘घ्या भाऊ, शंभर वर्षांची हाय.’ काळपट थराला भुलू नका. खाणीच्या या गावात नवा कपही आठ-पंधरा दिवसांत पुरातन दिसतो. ओल्या फडक्यानं पुसून मूर्ती उलटी करा. छिद्र नाही. हातात हलकी, कोमट लागते. चिनीमाती आधी गार लागते. भिंगाखाली गालाचा रंग ठिपक्याठिपक्यांचा, म्हणजे छापील. नेलपॉलिश काढायच्या द्रवाचा बोळा शिक्क्यावर फिरवताच ‘जर्मनी’ कापसावर उतरतं. भट्टीत पक्का झालेला शिक्का असा सुटत नाही.

शोभेची म्हणून घ्यायची तर घ्या, पण भाव प्लास्टिकचा द्या. घरी खरी जुनी असेल, तर तिचं बूड घासून लख्ख करू नका. फळीवर सरकून पडलेले ते वेडेवाकडे ओरखडे जाणकार शिक्क्याच्या आधी बघतो.