मालकी आणि जबाबदारी : आक्रमक कुत्र्याच्या प्रश्नाची ऐतिहासिक मीमांसा
(विशेष संदर्भ : मुंबई १८३२ व चिंचणी परिसर)

प्रस्तावना
माणूस आणि कुत्रा यांचा सहवास प्राचीन आहे. मात्र शेजारचा कुत्रा अंगावर धावून येऊ लागला की या सहवासाचे रूपांतर वादात होते. हा वाद बहुधा 'भूतदया विरुद्ध सुरक्षितता' असा मांडला जातो. ही मांडणी अपुरी असून प्रश्नाचे मूळ जबाबदारी निश्चित न होण्यात आहे, हे प्रस्तुत लेखात ऐतिहासिक दाखल्यांच्या आधारे दाखविण्याचा प्रयत्न केला आहे.

१८३२ चा मुंबईतील उठाव
मुंबईत १८१३ च्या पोलीस नियमानुसार वर्षातील ठरावीक काळात मोकाट कुत्री मारण्यास परवानगी होती. १८३२ मध्ये ही मुदत १५ जूनपर्यंत वाढविण्यात आली. प्रत्येक कुत्र्यामागे आठ आणे बक्षीस मिळत असल्याने मोकाट कुत्रा आणि घरचा कुत्रा हा भेद उरला नाही. घरांच्या आवारातील कुत्रीही ओढून नेली जात असल्याची तक्रार होती. ६ जून १८३२ रोजी कोट भागात सुमारे दोनशे पारशांच्या जमावाने पोलीस शिपायांवर हल्ला केला. दुसऱ्या दिवशी बाजारपेठ बंद राहिली, कुलाब्याच्या छावणीची रसद अडविण्यात आली, आणि हिंदू, जैन व इस्माइली व्यापारीही या हरताळात सामील झाले. अखेर सैन्य बोलवावे लागले. पुढे १८३४ मध्ये जमशेटजी जीजीभाई व मोतीचंद अमीचंद यांच्या पुढाकाराने मुंबईत पांजरपोळ उभी राहिली.

धर्मपरंपरेतील बंधन
या उठावाचा डहाणू-तलासरी पट्ट्याशी जवळचा सांस्कृतिक संबंध आहे. पारशांचे आद्य वसतिस्थान संजाण या पट्ट्याला लागूनच आहे. संजाणच्या पाडावानंतर पवित्र अग्नी बहरोटच्या गुहांत बारा वर्षे ठेवला होता, अशी परंपरा सांगते. पारशी अंत्यविधीतील 'सगदीद' या प्रथेत मृतदेहावर कुत्र्याची नजर पाडली जाते. कुत्र्याला असे स्थान देणाऱ्या या परंपरेच्या 'वेंदिदाद' ग्रंथातील तेरावे प्रकरण येथे विशेष उद्बोधक ठरते. कुत्र्याला उपाशी ठेवणे वा इजा करणे त्यात पाप मानले आहे. त्याच प्रकरणात, न भुंकता चावणाऱ्या पिसाळलेल्या कुत्र्याच्या गळ्यात लाकडी जोखड अडकवून त्याला बांधून ठेवावे आणि त्याच्यावर उपचार करावेत, असेही सांगितले आहे. म्हणजे आदर आणि आवर या दोन्ही गोष्टी तेथे एकाच कर्तव्याचे भाग आहेत.

कायद्याची वाटचाल
वसाहतकालीन कायद्यानेही पुढे मालकाकडे बोट दाखविले. १८६० च्या भारतीय दंडसंहितेच्या कलम २८९ नुसार, आपल्या ताब्यातील प्राण्यापासून माणसाच्या जिवाला धोका वा गंभीर दुखापत होऊ नये यासाठी पुरेशी काळजी न घेणे हा गुन्हा ठरला. त्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद वा एक हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा होती. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ ने तिची जागा घेतली असून दंडाची मर्यादा पाच हजार झाली आहे. २००१ च्या श्वान प्रजनन नियंत्रण नियमांनी पाळीव कुत्र्याचे लसीकरण, निर्बीजीकरण व परवाना यांची जबाबदारी मालकावर टाकली. रस्त्यावरील कुत्र्यांची निर्बीजीकरण-व्यवस्था स्थानिक संस्था व प्राणीकल्याण संस्थांकडे दिली. २०२३ मध्ये त्यांच्या जागी नवे नियम आले. २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने लस व निर्बीजीकरणानंतर कुत्री मूळ जागी सोडण्यास मान्यता दिली, परंतु रेबीजग्रस्त व आक्रमक कुत्री त्यातून वगळली.

चिंचणी परिसराच्या संदर्भात
चिंचणीसारख्या किनारी गावात कुत्रा हा वाडीचा आणि अंगणाचा राखणदार असतो. तेथे खरी अडचण अर्धवट मालकीची आहे. ज्या कुत्र्याला रोज दारात भाकरी मिळते, तो चावल्यावर मात्र 'आमचा नव्हे' असे सांगितले जाते. कायद्यातील 'ताबा' ही संकल्पना येथेच निसटते. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर रुग्ण जवळजवळ कधीच वाचत नाही. म्हणून ही पळवाट जीवघेणी ठरू शकते. चावा बसताच जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन विनाविलंब लस घेणे हाच उपाय आहे. मालकाने रागीट कुत्रा बांधून ठेवावा, बाहेर नेताना साखळी व मुसके वापरावे आणि दरवर्षी लस टोचून घ्यावी. शेजाऱ्याने प्रथम मालकाशी बोलावे, नंतर ग्रामपंचायतीकडे लेखी तक्रार करावी. दगड व विष हे मार्ग १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार शिक्षेस पात्र आहेत, आणि १८३२ च्या अनुभवानुसार निष्फळही.

निष्कर्ष
१८३२ मध्ये शासनाने कुत्रा पाहिला, मालक पाहिला नाही; म्हणून शहर पेटले. आज अनेक ठिकाणी मालक कुत्रा पाळतो, पण जबाबदारी पाळत नाही. ग्रामपंचायतीने घरोघरच्या कुत्र्यांची नोंद ठेवली आणि भाकरी घालणाऱ्याने लसीचीही जबाबदारी स्वीकारली, तर वेंदिदादमधील जोखड आणि दंडसंहितेतील कलम या दोहोंमागचा उद्देश एकाच वेळी साध्य होईल.