विवेक, सत्य आणि सत्ता : आपली मोजणी कोण करतो?

आपल्या अभ्यासवर्गांत कालाम सुत्ताचा उल्लेख नेहमी होतो. 'कोणी सांगितले म्हणून मानू नका, स्वतः तपासा' एवढाच त्याचा अर्थ आपण तरुणांना सांगतो आणि पुढे जातो. पण आजच्या काळात एकट्या माणसाने तपासून सगळे सत्य हाती लागते का? सरकारी नोंद, आकडा, अहवाल या स्वरूपात जे सत्य समोर येते, ते घडवण्याची ताकद कोणाकडे असते? विवेक, सत्य आणि सत्ता यांचे नाते समजून घेण्यासाठी आम्ही एक ठोस विषय घेतो : आपली मोजणी.

कालाम सुत्त नेमके काय सांगते?

हे सुत्त अंगुत्तर निकायाच्या तिक निपातात आहे. कोसल देशातील केसपुत्त येथील कालाम लोक भगवंतांना विचारतात : इथे अनेक श्रमण-ब्राह्मण येतात, प्रत्येकजण स्वतःचे मत खरे ठरवतो आणि दुसऱ्याचे खोडतो, आम्ही खरे कोणाचे मानावे? भगवंत दहा आधार सांगतात, ज्यांवर विसंबून कोणतीही गोष्ट स्वीकारू नये. त्यात ऐकीव माहिती, परंपरा आणि ग्रंथप्रामाण्य आहे. त्याच यादीत निव्वळ तर्क आहे आणि 'हे आमचे गुरू आहेत' ही भावनाही आहे.

तर्कालाही भगवंत या यादीत का ठेवतात? कारण तर्क करणाऱ्याच्या मनात लोभ असेल, तर तर्क लोभाची चाकरी करतो. म्हणून पुढची कसोटी येते : ही गोष्ट लोभ, द्वेष, मोह वाढवते का? तिच्यामुळे हित होते की अहित? जाणते लोक तिची निंदा करतात की प्रशंसा? विवेक म्हणजे बुद्धीला नीतीची जोड.

1932 : माणसे कागदावरून नाहीशी होतात

1911 च्या जनगणनेत अस्पृश्य आणि इतर हिंदू यांचा फरक ओळखण्यासाठी दहा कसोट्या ठरवल्या होत्या. मंदिरात आत प्रवेश आहे का, स्पर्शाने विटाळ मानला जातो का, असे ते प्रश्न होते. अस्पृश्यांची संख्या कोटींमध्ये आहे, हे तोपर्यंत सर्वसाधारणपणे मान्य होते.

1932 साली मताधिकाराचा विचार करण्यासाठी लोथियन समितीचे काम चालू होते. बाबासाहेब तिचे सदस्य होते. राजकीय प्रतिनिधित्व लोकसंख्येवर ठरणार, हे स्पष्ट होताच चित्र पालटले. काही प्रांतांतून समितीपुढे सांगण्यात येऊ लागले की आमच्याकडे अस्पृश्य जवळजवळ नाहीतच. गावकुसाबाहेरची वस्ती तिथेच होती, पाणवठा वेगळाच होता. कागदावरची माणसे मात्र नाहीशी झाली.

बाबासाहेबांनी 1 मे 1932 रोजी समितीला स्वतंत्र टिपण सादर केले. शहरात किंवा रेल्वेच्या डब्यात प्रत्यक्ष स्पर्श टाळता येत नाही, म्हणून अस्पृश्यता संपली असे होत नाही. ती मनात आणि व्यवहारात टिकून असते, असा त्यांचा मुद्दा होता. आकडे नाकारणाऱ्यांकडेही तर्क होता, पण त्यामागे लोभ होता. बाबासाहेबांनी तो लोभ उघडा पाडला आणि सोबत पुरावा मांडला. कालाम सुत्ताचे आचरण यालाच म्हणतात.

सत्य नाजूक का असते?

हाना आरेंट या विचारवंत महिलेने 1967 च्या 'सत्य आणि राजकारण' या निबंधात एक फरक दाखवला आहे. गणिताचा सिद्धांत हरवला तर कोणीतरी तो पुन्हा शोधू शकतो. घडलेली गोष्ट नोंदीतून पुसली गेली, तर बुद्धीच्या जोरावर ती परत मिळवता येत नाही. तिला साक्षीदार आणि कागद लागतो. फ्रेंच विचारवंत मिशेल फूको यांनी दाखवले की माणसांची वर्गवारी करणे, मोजणे, नोंदवणे हाच आधुनिक सत्तेचा कारभार आहे. ज्ञान आणि सत्ता एकमेकांना धरून चालतात.

याची दुसरी बाजूही आपल्याच इतिहासात आहे. 1951 मध्ये आजच्या महाराष्ट्राच्या भूभागात बौद्धांची नोंद अडीच हजारांच्या आसपास होती. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूरला धम्मदीक्षा झाली आणि 1961 च्या जनगणनेत हा आकडा सुमारे 27.9 लाख झाला. लोकांनी स्वतःचे नाव स्वतः सांगितले आणि शासनाला ते लिहावे लागले. 2011 मध्ये महाराष्ट्रात 65.3 लाख बौद्ध नोंदले गेले.

आजचा प्रश्न

30 एप्रिल 2025 रोजी केंद्र सरकारने जनगणनेत जातींची नोंद करण्याचा निर्णय जाहीर केला. सर्व जातींची अशी मोजणी यापूर्वी 1931 मध्ये झाली होती. या जनगणनेची संदर्भ तारीख 1 मार्च 2027 आहे.

वस्त्यांत काम करताना आम्ही दोन गोष्टी वारंवार ऐकतो. पहिली : 'धर्म बौद्ध लिहिला तर आरक्षण जाईल.' हे खरे नाही. 1990 च्या कायदादुरुस्तीने बौद्ध धर्म स्वीकारलेल्यांनाही अनुसूचित जातींमध्ये मान्यता दिली आहे. तरीही भीतीपोटी घरची वडीलधारी मंडळी 'हिंदू' सांगतात. कधी प्रगणक आडनाव बघून स्वतःच रकाना भरतो आणि आपणही विचारत नाही.

दुसरी : 'आम्ही जात सोडली, मग ती का सांगावी?' हा प्रश्न प्रामाणिक आहे, तो झिडकारू नये. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या माणसाला जातीचे नाव उच्चारताना त्रास होणारच. पण अनुसूचित जातीच्या रकान्यात सूचीतील जातीचे नाव लागते. 'बौद्ध' ही जात नाही. तिथे 'बौद्ध' लिहिले, तर ती व्यक्ती अनुसूचित जातीच्या मोजणीतून सुटण्याचा धोका असतो. जात मानणे वेगळे आणि जातीने केलेले नुकसान मोजणे वेगळे. रोगाची नोंद केली म्हणून कोणी रोगाचा पुरस्कर्ता होत नाही. आमचे मत असे : धर्म 'बौद्ध' आणि अनुसूचित जातीच्या रकान्यात सूचीतील जात, या दोन्ही नोंदी स्पष्ट द्याव्यात.

आपण काय करावे?

प्रत्येक विहारात जनगणनेवर एक बैठक घ्यावी. ज्येष्ठांना 1990 च्या दुरुस्तीची माहिती द्यावी. प्रगणकाने काय लिहिले, ते नम्रपणे वाचून दाखवायला सांगावे. स्वतः ऑनलाइन माहिती भरण्याची सोय वापरताना शेजारच्या आजी-आजोबांनाही मदत करावी. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला संदेश, मग तो आपल्याच गटातून आलेला असो, पुढे पाठवण्यापूर्वी तपासावा. 'आपला माणूस सांगतोय' हाही कालाम सुत्तातल्या दहा आधारांपैकीच एक आहे.

1932 साली आपली संख्या नाकारली गेली, तेव्हा उत्तर द्यायला बाबासाहेब समितीत बसले होते. या वेळी प्रगणक आपल्या दारात येणार आहे आणि उत्तर आपल्यालाच द्यायचे आहे.

नमो बुद्धाय! जयभीम!