असबिय्या आणि सोलापूरचे चार हुतात्मे

समाजशास्त्राचा जनक म्हणून आपण ऑगस्त कोंत याचे नाव शिकतो. त्याच्या चार शतकांहून अधिक आधी, १३७७ साली, ट्युनिसमध्ये जन्मलेल्या इब्न खल्दूनने ‘मुकद्दिमा’ लिहिला. माणसे एकत्र का येतात आणि पुढे का विखुरतात, हा त्याचा प्रश्न होता. एकजुटीच्या शक्तीला त्याने ‘असबिय्या’ म्हटले.

हा शब्द ऐकला की अनेकांना टोळीचा अभिमान आठवतो. हदीसमध्ये असबिय्येचा निषेध आहे, पण तो अन्यायातही आपल्याच माणसांची बाजू घेण्याचा. इब्न खल्दून हा फरक ओळखतो. त्याच्या मते वंश ही बरीचशी मानण्याची गोष्ट आहे. खरा उपयोग परस्परांच्या मदतीला धावण्याचा, आणि ते बळ सहवासातून व मैत्रीच्या करारातूनही येते.

१९३० चे सोलापूर पाहा. गिरण्यांच्या या शहरात मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू बोलणारे कामगार एकाच भोंग्यावर उठत. ५ मे रोजी गांधीजींना अटक झाली आणि शहर पेटले. ८ मे रोजी पोलिसांनी गोळीबार केला. मंगळवार पेठेची पोलीस चौकी जाळली गेली, दोन पोलीस मारले गेले. १२ मे रोजी लष्करी कायदा लागू झाला. त्या पोलिसांच्या खुनाचा ठपका ठेवून मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि अब्दुल रसूल कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी दिली गेली. कुर्बान हुसेन ‘गझनफर’ हे वृत्तपत्र चालवत आणि गिरणी कामगारांत काम करत.

या चौघांचा वंश एक नव्हता, धर्मही एक नव्हता. एकत्र होते ते शहर आणि लढा.

आज मुसलमानांच्या निष्ठेवर शंका घेतली की आपण घाईने कुर्बान हुसेन यांचे नाव पुढे करतो, जणू ते आपले प्रमाणपत्रच. त्यामुळे ते एका कौमेचे होतात आणि बाकी तिघे ‘त्यांचे’. इब्न खल्दून सांगतो की पहिली पिढी एकजूट कमावते. पुढच्या पिढ्यांकडे नुसती ऐकीव आठवण उरते आणि बळ ओसरते. आपण त्या ऐकीव पिढ्यांतले आहोत. चार हुतात्मा चौकात हार घालताना चौघांची नावे एका दमात घेणे, आणि शेजारच्या पेठेत कुणावर अन्याय झाला तर धावून जाणे, एवढे तरी आपल्या हातात आहे.